वरून वाढलेलं पानी

पानी पडलंच नाही.

तांब्या पुरा पालथा केलेला, तोंड खाली अन् बूड वरती, तरी पानी आपलं आत बसून. मी हातभर अंतरावर बसली होती म्हून सांगते. दुसऱ्या कोनी येऊन सांगतलं असतं तं मी म्हनलं असतं, जाय बाप्पा, हे दुसऱ्याच्या घरी सांग. आमच्या घरात अंगारा येत नाही, गंडा-दोरा येत नाही, कोनाच्या आंगातबी येत नाही. यायले पाह्यलंच तं माह्या जाऊबाई त्याले उंबऱ्यावरूनच वापस लावतात.

अन् तांब्या होता नेमका त्याईच्याच हातात.

आमच्या सासूचं, लिलाबाईचं, पुण्यानुमोदन होतं. अनसिंगच्या घरापुढं मांडव टाकला होता. बुढीच्या फोटोले हार, पुढं मेनबत्त्या, पांढरे लुगडे नेसून साऱ्या बाया बसलेल्या. भंतेजी पालीतून गाथा म्हनत होते. ते म्हनत असतात तवा घरच्या मानसानं तांब्यातलं पानी हळूहळू परातीत सोडाचं असते. भरलेल्या नद्या जशा समुद्राले जाऊन मिळतात, तसं हे पुण्य गेलेल्या मानसाले मिळो, असा त्या गाथेचा अर्थ. हा अर्थबी मले जाऊबाईनंच सांगतलेला. अन् पानी त्याईनंच सोडाचं होतं, कारन धडधाकट होती तवाच बुढी म्हनून गेल्ती, "माह्या मांगं पानी पौर्णिमाच सोडीन. पोरगी नेमाची पक्की हाये."

भंतेजी गाथा म्हनता म्हनता थांबले. जाऊबाईनं तांब्या सरळ केला, आत पाह्यलं, पुन्हा वाकडा केला. काही नाही. त्याईचे मालक, माहे भासरे सतीशभाऊ, घाबरून गेले अन् त्याईनं तांब्या आपल्या हाती घेतला. घेतल्याबरोबर पानी भसकन परातीत पडलं, अर्धं त्याईच्या पांढऱ्या पायजाम्यावर. "हात आखडला असंल," मांगून कोनी तरी म्हनलं. भंतेजीनं गाथा पुरी केली, लोकाईनं साधू साधू म्हनलं, जेवनं झाली, सारे गेले. जाऊबाई फोटोपुढं बसून राह्यल्या. परातीतल्या पान्याकडं पाहत होत्या.

आमच्या जाऊबाई कशा आहेत हे आधी सांगते, नाहीतं तुमाले वाटीन का कोनी भोळी बाई होती. पन्नाशी उलटली, बारावी शिकलेल्या. वर्षावासात, पावसाच्या तीन महिन्यात, विहारामंधी ग्रंथ त्याच वाचतात. चष्मा लावून बसल्या का मंग बाहेरून ट्रॅक्टर जावो का कोनाची वरात जावो, मान वर होत नाही. एखादी बाई लेकराले तापात बाबाकडं घेऊन गेली असं कानावर आलं, का तिची काही खैर नाही. "बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर टांगाले घेतल्या का वं?" असं भर गल्लीत इचारतात. मी घरात आली तवा पयल्याच दिवशी त्याईनं माह्या हातातला काळा दोरा कात्रीनं कापला होता. मले राग आल्ता. पन लेकराईचे डोस, बुढीच्या बीपीच्या गोया, गॅसचा नंबर, साऱ्याचा नेम त्याईनंच सांभाळला. माहा नवरा बाहेरगावी नोकरीले, म्हून हे घर म्हंजे त्याच.

मंग बुढीच्या किडन्या थकल्या. वाशिमच्या डॉक्टरनं सांगतलं, पानी मोजून द्या. आंगावर सूज हाये, जास्त पानी झालं तं फुप्फुसात चढीन, मंग कोनाच्या हातात काही राहनार नाही. सतीशभाऊ दवाखान्याच्या पायऱ्यावरच रडाले लागले. जाऊबाई रडल्या नाहीत. त्याईनं घरी आल्यावर एक बाटली घेतली अन् तिच्यावर पेनानं रेघ मारली. दिवसभरात तेवढंच.

बुढी आधी हसत मागे. "पौर्णिमे, तुही बाटली लय लहान हाये वं." मंग रुसून मागे. मंग लेकराईले पैशाचं लालूच दाखवून मागे. चूळ भराच्या नावानं पिऊन घे, म्हून जाऊबाईनं चूळ बंद केली अन् ओला फडका ओठाले लावू लागल्या, तं बुढी फडकाच चोखे. माठ आतल्या खोलीत नेला. गिलास हाती देल्ला का ते गटागटा पेऊन टाके, म्हून शेवटी गिलासबी बंद झाला. जाऊबाई उशाशी उभ्या राहून चमच्यानं वरून तोंडात पानी सोडत. मी एकडाव म्हनलं, "बाई, घोटभर देऊन टाका, जीव चाल्ला तिचा." तं त्या म्हनल्या, "घोटभर दे, अन् उद्या बुढी गेली तं तूच साऱ्याईले सांग काहून गेली थे." त्याईचं काय चुकत होतं, तुमीच सांगा. 

शेवटच्या दुपारी बुढीनं एकाएकी दोन्ही हाताची ओंजळ केली. तोंडाशी धरली अन् मान खाली घालून वाट पाहत राह्यली. ओंजळीनं पानी पेताना तिले आमी कवाच पाह्यलं नव्हतं. जाऊबाई चमचा घेऊन उशाशी उभ्या राह्यल्या. बुढीनं मान वर केली.

"तूबी वरूनच वाढते का वं, पौर्णिमे?"

जाऊबाईचा हात थांबला नाही. चमचा बुढीच्या तोंडात गेला, पानी गेलं, नेम झाला. बुढी भिंतीकडं तोंड करून झोपली अन् सकाळी चहाच्या आधी गेली.

वरून वाढनं म्हंजे काय, हे आमच्या घरात सांगा लागत नव्हतं. बुढी लहानपनची गोष्ट कितीकडाव सांगे. तिच्या माहेरी एकच गोड्या पान्याची इहीर होती, पन आपल्या लोकाईले कठड्यावर चढू देत नव्हते. खाली मातीत बसाचं, ओंजळ धराची, अन् कोनाले सवड झाली तं थो वरून पानी वाढे, भांड्याले भांडं लागू न देता. आईनं मडकं देऊन पाठवलं का लहानगी लिला तिथं बसून राहे. पुढं छप्पनच्या दीक्षेनंतर तिच्या बापानं बुद्धवाड्यात दुसरी इहीर खनली. बुढी सासरी आली तवापासून आमच्या दारातून कोनताच मानूस, कोन्या जातीचा का असेना, भरला गिलास हाती घेतल्याबिगर गेला नाही. त्याच घरात बुढी तहानेनं गेली. अन् तिनं जाता जाता कोनाले कोनासारखं म्हनलं, थे मी बी आयकलं होतं अन् जाऊबाईनंबी.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी कळलं का हे तांब्यापुरतं नव्हतं. पाहुने बसले होते, जाऊबाईनं गंजातला चहा कपात ओताले घेतला. गंज आडवा झाला, चहा हालला नाही. वरनाचा चमचा सतीशभाऊच्या ताटावर पालथा केला, वरन चमच्याले धरून. कोंबड्याईच्या भांड्यात पानी टाकाले गेल्या, बादली पालथी करून झाडली, थेंब नाही. त्या स्वतः पानी पेल्या तं मातर बरोबर घशाखाली जाये. आपल्यासाठी पडे, दुसऱ्यासाठी पडत नव्हतं. मी कप त्याईच्या हातून काढून घेतला का माह्या हातून साधं सरळ पडे. मी हसली बी एकडाव, खोटं कायले बोलू. मंग त्याईचं तोंड पाह्यलं अन् माहं हसू जाग्यावर राह्यलं.

सतीशभाऊनं हाताच्या नसा दाखवल्या. नसा चांगल्या होत्या. शेजारची पंचफुला मांगच्या दारानं आली अन् हळूच मले म्हने, "इंझोरीकडं एक बाबा हाये, करनी उतरवते म्हने. पन तुह्या जाऊले कोन सांगीन?" जाऊबाई आतूनच म्हनल्या, "आयकलं मी, पंचफुला. माह्यावर कोनी करनी नाही केली. मीच केली." पंचफुला गेली तशीच.

त्याईनं जेवन सोडलं. म्हंजे उपास नव्हता, उपासाले त्या मानतच नाहीत, पन ताटावर बसत अन् उठत. सतीशभाऊ म्हनत, "तू ग्रंथ वाचते नं, आत्मा नसते, माय आता कुठी नाही. मंग कोनासाठी जीव काढून राह्यली?" तं त्या म्हनल्या, "आत्मा नसते, मले माहीत हाये. पन त्याईले तहान लागली होती थे तं होतं नं? थे कुठं गेलं मंग? त्याईनं पानी मागतलं अन् मी नाही देल्लं, हे तं झालं नं?"  भाऊबी मंग ताटावरून उठले.

शेवटी त्या भंतेजीकडं गेल्या, अन् मी सोबत. जाताना मले दटावलं, का तिथं चमत्कार-बिमत्कार बोलाचं नाही. मानूस शरमेनं अर्धा झालेला अन् तरी शिस्त. विहारात भंतेजी झाडून राह्यले होते. जाऊबाईनं त्या बाटलीसकट सारं सांगतलं, काही लपवलं नाही. म्हनल्या, "नियम पाळला भंतेजी, मानूस नाही पाह्यलं."

भंतेजी मूळचे शेतकऱ्याच्या घरचे. ते म्हनले, "मी मंतर देत नसतो, ताई. पन तुमच्या वावरात पाटाचं, दांडाचं पानी येनं बंद झालं तं काय करता? टोकाशी बसून रडता का? दांडानं उलटं वर जाता, पाहता कुठं अडलं. तसं जा."

"कुठलोक जाऊ, कुठपर्यंत?"

"जिथून निघालं तिथलोक."

घरी येता येता जाऊबाई रस्त्यातच उभ्या राह्यल्या. "आत्याबाईच्या माहेरची इहीर," म्हनल्या. सासूले त्या आत्याबाईच म्हनत. "रूपे, तू येशील?" त्याईनं मले काही मागतलं असं पयल्यांदाच झालं होतं, म्हून मी हो म्हनलं. नाहीतं चैताच्या त्या उन्हात मी अंगनातबी निंगत नाही.

आसेगावलोक एसटीनं गेलो, तिथून पायी. गावाचं नाव नाही सांगत, तिथले लोक आता चांगले आहेत. सडक सोडली तशी दोन्ही बाजूनं वावरं, कुठं उन्हाळी भुईमूग, कुठं नुसतं ढेकूळ. माही चप्पल चावत होती अन् मी रस्ताभर बोलत होती, का याच्यापेक्षा त्या बाबाकडं गेलो असतो तं निदान त्याच्याकडं पंखा असता. एरवी जाऊबाईनं मले फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी नुसत्या पुढं चालत राह्यल्या. 

आंब्याखाली बाजीवर एक म्हातारा बसला होता, धोतर, टोपी, बाजूले पान्याची कॅन. उकंडराव त्याचं नाव, वावर त्याचंच. आमी इहिरीचं इचारलं तं म्हने, "कोन्ती, जुनी? थे बुजली कवाच. नळ आला, कोन इचारते इहिरीले. तिथं एक बाभूळ हाये फक्त. तुमी कोन?"

"लिलाबाईच्या सुना," जाऊबाई म्हनल्या. "तुमच्या गावची लेक. बुद्धवाड्यातली."

म्हाताऱ्यानं आधी दोन गिलास भरले, आमच्या हाती देल्ले, अन् मंग जाऊबाईकडं पाह्यलं. "लिला," म्हने. "हनुवटीवर गोंदन होतं, थेच नं? मी तिच्याच बरोबरीचा. ते बसून राहे इहिरीपाशी. माही माय पानी वाढे. माय कामात राहे तं इसरून जाये, अन् लिला तशीच ओंजळ धरून."

जाऊबाईनं गिलास तोंडाशी नेता नेता खाली घेतला. त्याले वाटलं असंल आमाले राग आला.

"माय माही वाईट नव्हती, बाई," तो म्हने. "कोनाले कवा शिवी नाही देल्ली तिनं. तवा तसा नेम होता. अन् माय नेमाची पक्की होती."

जाऊबाईच्या हातातला गिलास त्याईच्या मांडीवर सांडला. त्या उभ्या राह्यल्या, पुन्हा बसल्या. "माह्याबी घरी नेम होता, बाबा," त्या म्हनल्या. "मीबी कवा शिवी नाही देल्ली." म्हाताऱ्याले काही समजलं नाही. मले समजलं अन् मले वाटलं आता याईले इथूनच वापस न्यावं. पन त्या उठून चालाले लागल्या होत्या.

बाभळीकडं जानाऱ्या वाटेच्या बाजूनं एक दांड होता. भुईमुगाले पानी चालू होतं. मी खाली पाहत चालत होती, काट्याच्या भेवानं, म्हून मलेच आधी दिसलं. दांडातलं पानी आमच्याकडून वर चाल्लं होतं. चढावर. जाऊबाई थांबल्या का थे थांबे, चालल्या का थे चाले, पायाबरोबर, बकरीच्या पिल्लासारखं. "बाई," मी म्हनलं, "खाली पाहा." त्याईनं पाह्यलं अन् फक्त मान हालवली. मी स्वतःले सांगतलं, रूपे, तुले ऊन लागलं.

इहिरीचं काही राह्यलं नव्हतं. बाभळीखाली अर्धा दगडी कठडा, बाकी माती, पाला, कोनी फेकलेल्या पिशव्या. दांडाचं पानी कठड्यापाशी आलं अन् दगडाखाली शिरलं. मंग आतून चाकाचा आवाज आला, दोर ओढल्यावर करते तसा कुरकुर. मी मांगं पाह्यलं तं मोबाईलचा टॉवर नव्हता. डांबरी सडक नव्हती. पुढं पाह्यलं तं कठडा सारा होता, गोल, वरती लाकडाचं चाक, दोराले बादली, अन् आत काळंभोर पानी वरलोक आलेलं. अन् कठड्याच्या खाली मातीत एक पोट्टी बसली होती. सात-आठ वर्साची, झिपऱ्या, बाजूले मडकं. ओंजळ तोंडाशी धरलेली. हनुवटीवर गोंदनाचा हिरवा ठिपका.

 मी होती तिथंच बसली.

जाऊबाई कठड्यावर चढल्या. बादली सोडली, भरून ओढली, दोर सोडला अन् वाकून पोट्टीच्या ओंजळीवर धरली. पानी पडलं नाही. बादली आडवी केली, पालथी केली, झटकली.  पोट्टी रडली नाही, मागतलं नाही. ओंजळ तशीच. सवय होती तिले, हेच पाह्यवत नव्हतं. जाऊबाई वरतून रडाले लागल्या. "पड नं," पान्याले म्हनत होत्या, "मले नको पडू, तिच्यासाठी पड." बारावी शिकलेली, ग्रंथ वाचनारी बाई, पान्याच्या पाया पडाची बाकी राह्यली होती.

मी ओरडून म्हनलं, "बाई, खाली या." मले दुसरं काही नव्हतं म्हनाचं. उन्हात त्या पडतीन अशी भीती वाटली, बस.

त्या थांबल्या. आपल्या पायाकडं पाह्यलं, कठड्याकडं पाह्यलं, जसं आपन कुठं उभ्या आहो हे तवाच दिसलं. मंग बादली घेऊन खाली उतरल्या. पोट्टीपुढं मातीत बसल्या, तिच्यापेक्षा खाली होतीन एवढ्या वाकून, अन् भरली बादली उचलून तिच्या मांडीवर देल्ली.

"घे," म्हनल्या. "तुह्या हातानं पे."

पोट्टीनं इकडंतिकडं पाह्यलं. "इटाळ होईन. मारतीन."

"होऊ दे. मी हाये इथं."

पोट्टीनं बादलीची कड धरली, तोंड लावलं. पान्याचा आवाज आला घशात. पेत राह्यली. श्वासबी घेईना. अन् पेता पेता ते मोठी होत गेली. आधी हातात हिरव्या बांगड्या आल्या, मंग लुगडं आलं, मंग केस पिकले. मंग चेहरा सुजला. मंग पाय सुजले, बोट दाबलं तं खड्डा पडन असे, जसे आमी रोज तेल लावून चोळत होतो. आमची बुढी बसली होती तिथं, आजारातली, जशीच्या तशी, अन् बादलीतून पेत होती.

जाऊबाईचा हात पुढं गेला.

मी पाह्यला तो हात. थो बादली काढून घ्याले चाल्ला होता. त्याईच्या तोंडावर सारं दिसत होतं, डॉक्टर, रेघ, फुप्फुस. "बस, आत्याबाई, आता बस," म्हनल्या. हात अर्ध्यावर थांबला. बुढी पेतच होती, छाती वरखाली होत होती, जसं आता फुटन. मंग जाऊबाईनं थो हात मांगं घेतला, आपल्या मांडीखाली घातला अन् त्याच्यावर दाबून बसल्या. डोळे मातर मिटले नाहीत. पाहत राह्यल्या अन् मोठ्यानं रडत राह्यल्या, लहान लेकरू रडते तसं, तोंड उघडं टाकून.

बुढीनं पेनं थांबवलं तवा स्वतःच थांबवलं. पदरानं तोंड पुसलं.

"थंड हाये वं," म्हने.

"आत्याबाई, चुकलं माहं."

बुढीनं माफ केलं असं म्हनलं नाही, नाही केलं असंबी नाही. तिनं बादलीत डोकावून पाह्यलं. "घोटभर राह्यलं हाये," म्हने, "तू पे. उन्हात आली." जाऊबाईनं बादली घेतली, बुढीनं जिथं तोंड लावलं होतं तिथंच तोंड लावलं अन् पेल्या. बादली खाली केली तं हातात बादली नव्हती. बाभूळ होती, अर्धा कठडा होता, पिशव्या होत्या. लांब टॉवर दिसत होता. जाऊबाईची ओंजळ तेवढी ओली होती.

वापस येताना उकंडराव आंब्याखालीच होता. "दिसली का इहीर?" त्यानं इचारलं.  जाऊबाईनं त्याच्याच कॅनमधून त्याचाच गिलास भराले घेतला.  पानी पडलं, साधं, खळखळ, जसं कोनाच्याबी हातून पडते. मंग त्या बाजीपुढं खाली बसल्या अन् गिलास त्याच्यापुढं धरला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातानं घेतला, पन लगेच पेला नाही. गिलासाकडं पाहत बसला. आमी त्याले तसाच सोडून निंगालो.

आसेगावच्या स्टँडवर सावलीत बसलो. मले वाटलं आता काही तरी चांगलं बोलावं, बाईचं मन हलकं होईन. म्हनलं, "बाई, झालं नं आता. पानी पडाले लागलं. अन् तुमचं काही चुकलं नव्हतंच. डॉक्टरचं काय खोटं होतं?"

"नव्हतंच खोटं," त्या म्हनल्या. "मी पानी देल्लं असतं तं आत्याबाई आधीच गेल्या असत्या."

"मंग तं झालं."

एसटी वळनावर दिसली. लोक उठले, थैले उचलले. जाऊबाई बसूनच होत्या.

"पन पेऊन गेल्या असत्या, रूपे," म्हनल्या.

मी त्याईची थैली त्याईच्या खांद्याले अडकवली अन् हात धरून उठवलं.  एसटीत खिडकीची जागा भेटली. घसा सुकला होता म्हून मी बाटली मागतली. जाऊबाईनं थैलीतून काढली, झाकन खोललं अन् बाटलीच माह्या हाती देल्ली. मी पेत होती तवा त्या खिडकीबाहेर पाहत राह्यल्या, किती पेली हे दिसू नये म्हून.